ट्यूनिंगला टाळ्या

उंटाच्या लग्नाची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. उंटाच्या लग्नात गाढवं गायला बसली. गाढवं म्हणाली, काय तुमचं रूप! उंट म्हणाले, काय तुमचा आवाज! शाळेत संस्कृतच्या तासाला हे सुभाषित नुसतं घोकलं होतं. त्याचा खरा अर्थ ऑफिसात आल्यावर कळला. अप्रेझलच्या आधीच्या पंधरा दिवसांत आमच्या मजल्यावर रोज दोन-तीन तरी उंटांची लग्नं लागतात.

पण आजचा विषय ऑफिस नाही, गाणं आहे. आमच्या जेवणाच्या टेबलावर एक लाडकं मत आहे. ते असं, की गाणारे-वाजवणारे लोक एकमेकांबद्दल जे भरभरून बोलतात ते सगळं या उंट-गाढवांच्याच जातीचं. "अरे, हा त्याला ग्रेट म्हणतो, तो ह्याला. पुढच्या वर्षी दोघंही एकमेकांच्या फेस्टिवलला. सिंपल नेटवर्किंग आहे बॉस!" आणि गंमत म्हणजे हे म्हणणारी मंडळी स्वतः मात्र आपल्या आवडत्या गायकाबद्दल 'गॉड' आणि 'लिजंड' याखाली बोलत नाहीत. म्हणजे कलाकारांनी एकमेकांचं कौतुक केलं की ते ढोंग, आणि आपण अर्धं गाणं ऐकून केलं की ती भक्ती. हा न्याय आपल्याला अजिबात मान्य नाही.

माझं म्हणणं बरोबर उलटं आहे, आणि आज शनिवार असल्यामुळे ते जरा तावातावाने मांडणार आहे. गाणाऱ्यांचा एकमेकांबद्दलचा आदर ही फार खरी वस्तू आहे, कारण तिची किंमत मोजावी लागते. कान द्यावा लागतो, काहीतरी घ्यावं लागतं, कधी हरावं लागतं, कधी तोंडावर कमतरता सांगावी लागते. आपण श्रोत्यांनी, त्यातही आपल्यासारख्या शिकल्यासवरलेल्या, सवाईचं सीझन तिकीट काढणाऱ्या श्रोत्यांनी, त्यातला फक्त शेवटचा, दिसणारा भाग उचललाय: टाळ्या.

सुरुवात कुमार गंधर्वांपासून करू. कुमारांनी लता मंगेशकरांवर एक लेख लिहिलाय. त्याचं हिंदी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'वितान' पुस्तकात घेतलं गेलं, त्यामुळे सीबीएसईवाल्या मित्रांनी तो परीक्षेसाठी का होईना वाचला असेल. कुमार तेव्हा आजारी होते. क्षयाने अंथरुणाला खिळलेले, गाणं बंद. एक दिवस सहज रेडिओ लावला आणि एक आवाज कानावर पडला. 'बरसात' सिनेमा यायच्याही आधीची गोष्ट, म्हणजे १९४९ च्या आधीची. गाणं संपल्यावर गायिकेचं नाव सांगितलं गेलं आणि कुमारांना लगेच दीनानाथांची गायकी आठवली.

आता हा माणूस कोण, ते लक्षात घ्या. लहानपणीच मैफली गाजवलेला, देवधर मास्तरांकडे तयार झालेला ख्यालगायक. तेव्हा शास्त्रीयवाल्यांनी सिनेमाच्या गाण्याला नाकं मुरडायची हीच रीत होती, सिनेमाने लोकांचे कान बिघडवले अशी ओरड होती. कुमार त्या लेखात म्हणतात, बिघडवले कुठले, सुधारले. तीन-साडेतीन मिनिटांचं चांगलं गायलेलं सिनेमाचं गाणं आणि खानदानी गवयाची तीन-साडेतीन तासांची मैफल यांचं मोल एकच आहे, असंही ते लिहून मोकळे होतात. हे एका ख्यालगायकाने लिहायचं म्हणजे आपल्याच वाड्याची भिंत पाडायची.

पण माझ्या दृष्टीने त्या लेखातली खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. एवढं कौतुक करून झाल्यावर कुमार शांतपणे सांगतात, की लताने करुण रसाला म्हणावा तसा न्याय दिलेला नाही. मुग्ध शृंगाराची, मध्य आणि द्रुत लयीची गाणी ती फार उत्कटतेने गाते, करुणात मात्र ती मजा नाही. आणि तिचं गाणं बहुतेक वेळा उंच पट्टीत असतं, हीसुद्धा एक उणीव. त्यातला बराचसा दोष ते संगीतकारांच्या पदरात टाकतात.

थांबा जरा इथे. करुण रसात लता कमी पडते? निम्म्या महाराष्ट्राचे डोळे जिच्या गाण्यांनी ओले झाले तिच्याबद्दल हे? मला स्वतःला कुमारांचं हे मत पटत नाही. पण ते पटावं म्हणून मी सांगतच नाहीये. मुद्दा असा, की ज्याने हे लिहिलं त्याने किती ऐकलं असेल! कुठल्या लयीत आवाज खुलतो, कुठल्या रसात तो आपल्या मते वरवर राहतो, पट्टी कुठे आणि का चढते, हे सगळं वेगळं काढून बघितलं असेल तेव्हाच हे वाक्य लिहिता येतं. 'देवी सरस्वती' म्हणायला काही ऐकावं लागत नाही. 'करुणात कमी पडते' म्हणायला सगळं ऐकावं लागतं.

आमच्या धंद्यात याला रिव्ह्यू म्हणतात. चारशे ओळींचा बदल तुम्ही पाठवलात आणि दोन मिनिटांत समोरच्याचं 'एलजीटीएम' आलं, म्हणजे लुक्स गुड टू मी, तर तो तुमचा सन्मान नसतो. त्याने वाचलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि जो खवीस माणूस रात्री अकराला ३७व्या ओळीवर बोट ठेवून विचारतो, "इथे लिस्ट रिकामी आली तर?", तो डोक्यात जातो खरा, पण तुमच्या कामाचा मान त्यानेच ठेवलेला असतो. कुमारांनी लताचा रिव्ह्यू केला. आपण नुसते 'एलजीटीएम' म्हणत बसलोय.

आता दुसरी किंमत: हरणं.

१९५६ चा 'बसंत बहार' सिनेमा, संगीत शंकर-जयकिशन. कथेत दरबारातली जुगलबंदी आहे आणि तीत नायकाने जिंकायचं आहे. नायकाला आवाज मन्ना डेंचा. आणि समोर, हरणाऱ्या गवयासाठी, भीमसेन जोशी! मन्नादांनी आपल्या आठवणींत मोकळेपणाने सांगितलंय की हे कळल्यावर ते इतके घाबरले की गाव सोडून कुठेतरी निघून जावं असं त्यांच्या मनात आलं. शेवटी बायकोने समजूत घातली. ते गायले, आणि ती जुगलबंदी आजही लोकांच्या ओठांवर आहे.

या गोष्टीत लोक मन्नादांच्या घाबरण्याला हसतात. मला तेही आदराचंच रूप वाटतं. समोर काय आहे हे नीट कळणाऱ्यालाच अशी भीती वाटते. मन्नादांनी रीतसर तालीम घेतलेली होती, म्हणूनच घाबरले. ज्याला काही कळत नाही तो बिनधास्त भीमसेनसमोर माइक घेऊन उभा राहतो, आणि हल्ली टीव्हीवर असले बिनधास्त वीर आपण रोज बघतोच.

पण भीमसेनांचं बघा. वय चौतीस. तीन वर्षांपूर्वी, १९५३ मध्ये, पुण्यात गुरूच्या नावाने सवाई गंधर्व महोत्सव सुरू केलेला. ऐन उमेदीचा काळ. अशा वेळी सिनेमात, सगळ्या देशासमोर, एका पार्श्वगायकाकडून हरायचं काम त्यांनी घेतलं. चार वर्षं आधी, १९५२ च्या 'बैजू बावरा'त, नौशादसाठी उस्ताद अमीर खाँनीही हेच केलं होतं. ते तानसेनासाठी गायले, बैजूसाठी द. वि. पलुस्कर. पलुस्कर वयाने नऊ वर्षांनी लहान, आणि कथेत जिंकणार पलुस्कर. दोन्हीकडे हरणारा माणूस उगाच पडेल गायलेला नाही. ऐकून बघा. हरताना पूर्ण ताकदीने गायचं आणि तरी समोरच्याला जिंकायला जागा ठेवायची, हे एक वेगळंच कसब आहे. आपल्याकडे लहान मुलाबरोबर कॅरम खेळताना मुद्दाम हरतात, तसलं नाही हे.

प्रतिस्पर्ध्याचा मान म्हणजे काय, हे मराठी रंगभूमीने त्याच्याही आधी दाखवलंय. ८ जुलै १९२१, मुंबई. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग लागला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. एक गंधर्व नाटक मंडळीचा प्राण, दुसरा ललितकलादर्शचा. आजच्या भाषेत सांगायचं तर दोन कंपन्या, एकच मार्केट आणि जीवघेणी स्पर्धा. दोघांच्या भक्तांचे तट. एकाची गायकी लडिवाळ, दुसऱ्याची तळपत्या तलवारीसारखी. हे दोघं एका रंगमंचावर आले आणि त्यापुढे तीन महिने व्हायच्या आत, ऑक्टोबर १९२१ मध्ये, केशवराव गेले. वय अवघं एकतीस. म्हणजे ते एकत्र येणं जवळजवळ 'आत्ता नाही तर कधीच नाही' असं होतं, आणि हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

त्या प्रयोगात कुणी कुणासारखं गाण्याचा प्रश्नच नव्हता. बालगंधर्व बालगंधर्वांसारखे गाणार, केशवराव केशवरावांसारखे. एकत्र येण्यासाठी आपली धार बोथट करावी लागत नाही, हे त्या दोघांना समजलं होतं. समजत नव्हतं ते तटांना. आणि तट कोण होते? श्रोते. आपणच.

घराण्यांचंही तेच. 'आम्ही किराणावाले', 'आम्ही जयपूरवाले' असं छाती काढून सांगणारे बहुतेक वेळा स्वतः एक तानही न घेणारे असतात. भास्करबुवा बखल्यांचं उदाहरण घ्या. बडोद्याला फैज महंमद खाँ, मग आग्र्याचे नत्थन खाँ, मग जयपूरचे अल्लादिया खाँ. तीन घरांतून शिकले आणि बालगंधर्वांसारखा शिष्य देऊन गेले. अब्दुल करीम खाँ साहेब तर त्याहून पुढचे. किराणा घराण्याचा हा मूळपुरुष म्हैसूरच्या दरबारी जातो, तिथलं कर्नाटक संगीत कान देऊन ऐकतो, त्यागराजांच्या कृतीची ध्वनिमुद्रिका काढतो. किराण्याच्या गाण्यात सरगम जी एवढी खेळते, तिच्यामागे हे दक्षिणेतलं ऐकणं आहे असं जाणकार सांगतात. पुढे मिरजेला राहिलेल्या याच खाँ साहेबांची एक ध्वनिमुद्रिका गदगच्या एका पोराच्या कानावर पडते आणि तो अकराव्या वर्षी घर सोडून गाणं शोधायला पळून जातो. त्या पोराचं नाव भीमसेन.

ही सगळी देवघेव बघितली की मला वाटतं, संगीतात आदराचं खरं माप 'तू त्याच्याकडून काय घेतलंस' हे आहे. नमस्कार केला का, हार घातला का, हे नंतर. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दुसऱ्याच्या चांगल्या कोडची फोर्क घेतो, आपल्या कामासाठी बदलतो आणि मूळ कर्त्याचं नाव वर ठेवतो. कुमारांनी बालगंधर्वांच्या गाण्यांचा कार्यक्रम केला तेव्हा त्याला नाव दिलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्यातला 'मला उमजलेले' हा शब्द बघा. मूळ त्यांचं, समजूत माझी, आणि चूक असेल तर तीही माझीच. आज गावोगाव जे 'हुबेहूब आवाजात' श्रद्धांजलीचे कार्यक्रम चालतात, त्यांच्या बॅनरवर हा शब्द कधी बघितलाय? तिथे कुणाला काही उमजलेलंच नसतं. जागा न् जागा रेकॉर्डवरून उतरवलेली, खाकरणंसुद्धा. आणि प्रेक्षकातून दाद काय, तर "डोळे मिटले की अगदी तेच!" अरे, मग घरी डोळे मिटून रेकॉर्डच ऐका ना. पाचशे रुपये आणि पार्किंग तरी वाचेल.

आता तुम्ही म्हणाल, एवढं गोडगोड काही नव्हतं हो. कलाकार काय संत होते? चिजा लपवणारे उस्ताद होते, एकमेकांना पाण्यात बघणारे पंडित होते. रविशंकर आणि विलायत खाँ यांचं काय?

बरोबर. संत कुणीच नव्हतं, आणि मी प्रेमाबद्दल बोलतच नाहीये. रविशंकर आणि विलायत खाँ यांची चुरस जगजाहीर होती. पण त्या चुरशीच्या पोटात काय होतं ते बघा. रविशंकरांच्या सतारीला खर्जाच्या तारा होत्या, बीनसारखा खोल, गंभीर आलाप करायला. विलायत खाँनी त्या तारा काढून टाकल्या, कारण त्यांना सतारीतून ख्याल गाऊन घ्यायचा होता. एका पडद्यावर तार खेचून गळ्यासारखी मींड काढायची होती. म्हणजे भांडण होतं ते 'सतार म्हणजे काय' याचं. दोघांनीही आपापलं उत्तर आयुष्यभर वाजवून दाखवलं. समोरचा इतका मोठा नसता तर दोघांनाही आपलं उत्तर इतकं टोकदार करावं लागलं असतं का? मला शंका आहे. आणि आपण या भांडणाचं काय केलं? 'कोण मोठा' असा कौल मागितला. लता की आशा, भीमसेन की कुमार, इळैयाराजा की रहमान. तारा कुणी काढल्या आणि का, हे विचारणारा माणूस शंभरात एखादा.

याच रविशंकरांच्या गोष्टीतला एक प्रसंग मला आजच्या विषयाचं सार वाटतो. जॉर्ज हॅरिसनने १९६५ मध्ये बीटल्सच्या 'नॉर्वेजियन वुड'मध्ये सतार वाजवली. नवीन आवाज, लोक खूश. इथेच थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याला कळलं की आपण एका मोठ्या गोष्टीला नुसतं बोट लावलंय. १९६६ मध्ये तो भारतात आला, मुंबईत रविशंकरांसमोर मांडी घालून बसला, शिकला. आणि थोड्या वर्षांनी त्याने सतार बाजूला ठेवली आणि गिटारकडे परत गेला, कारण या वाद्याला अख्खं आयुष्य द्यावं लागतं हे त्याला उमगलं. मला ते परत जाणं फार मोठं वाटतं. जगातला सगळ्यात प्रसिद्ध 'सतारिया' म्हणून मिरवायची सोय असताना तो म्हणाला, नाही बुवा, हे माझं काम नाही.

मग १ ऑगस्ट १९७१. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी रविशंकरांच्या शब्दावरून हॅरिसनने उभा केलेला कार्यक्रम. सुरुवातीला सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. दीडेक मिनिट तारा जुळवल्या, तबला ठोकून सुरात आणला. थांबले. आणि हजारो लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी आभार मानले आणि म्हणाले, की तुम्हाला जुळवणंच इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे.

लोक हा किस्सा 'बघा ते अमेरिकन, कसे अडाणी' म्हणून सांगतात. मला त्या अमेरिकनांची दया येते, त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष? त्यांनी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. आपलं काय? आपण तर या गाण्याच्या गावात जन्मलो, आणि आपणही ट्यूनिंगलाच टाळ्या वाजवतोय.

पटत नाही? कुठलाही गाण्याचा रिअॅलिटी शो लावा. बारा वर्षांची पोरगी गाते. परीक्षक खुर्चीवरून उठतात. एक जण बूट काढतो. एक जण डोळे पुसतो. 'आज साक्षात सरस्वती अवतरली.' पाठीमागे व्हायोलिन वाजतात. पोरीचा अंतऱ्यातला गंधार दोनदा उतरलेला असतो, सम निसटलेली असते, पण ते तिला कुणी सांगत नाही. पुढच्या आठवड्यात ती त्याच उतरलेल्या गंधारासकट घरी जाते आणि नवीन सरस्वती येते. हे बघून मला राग येतो तो कार्यक्रम खोटा आहे म्हणून नाही. टीव्ही खोटाच असतो. राग येतो तो त्या पोरीचं नुकसान होतं म्हणून. तिच्या वयात तिला सगळ्यात जास्त गरज कानाची असते आणि तिला मिळतात फक्त हात. गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायची आपल्याकडे पद्धत आहे. किती नेमकी जागा निवडली आहे बघा! आपण हात लावणं तेवढं ठेवलं, कान विसरलो.

आणखी एक. १० मे २०२२ ला पंडित शिवकुमार शर्मा गेले. झाकीर हुसेननी त्यांना खांदा दिला. चितेजवळ एकटे उभे असलेल्या झाकीरभाईंचा फोटो तेव्हा देशभर फिरला आणि लोक हेलावले. मीही हेलावलो. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर गेले तेव्हा तो फोटो पुन्हा फिरला. चांगली गोष्ट आहे. पण मला विचारायचंय, त्या फोटोवर हळहळलेल्यांपैकी किती जणांनी या दोघांना नीट एकत्र ऐकलं होतं? संतूरचा स्वर कलमाने मारला की लगेच विरायला लागतो. सतारीसारखी तार खेचून त्याला धरून ठेवता येत नाही. अशा वाद्याबरोबर तबला वाजवणं म्हणजे विरणाऱ्या स्वराला जागा ठेवणं. डग्गा किती घुमू द्यायचा, ठेका कधी साधा ठेवायचा, कधी उसळायचं... हे झाकीरनी वर्षानुवर्षं केलं. ज्यांच्या बोटांत वादळ होतं त्यांनी हात आवरून धरला. खांदा एका दुपारी दिला, हात मात्र आयुष्यभर आवरला. फोटो पहिल्याचा निघतो.

आणि साथीदारांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पोस्टर बघा. मुख्य गायकाचा फोटो हातभर, तबला आणि हार्मोनियमवाल्याचं नाव मुंगीच्या अक्षरात, तंबोऱ्यावर कोण ते तर बहुतेक वेळा नसतंच. भैरवी संपते, निवेदिका साथीदारांची नावं घ्यायला लागते आणि आपण तोपर्यंत पार्किंगमधून गाडी काढायच्या घाईत असतो. ज्यांच्यावर गायकाने तीन तास विश्वास टाकला त्यांची नावंही ऐकायला आपल्याला वेळ नाही, आणि वर आपण रसिक!

यावर काही जण म्हणतील, बाबा रे, आम्ही दिवसभर राबतो, गाणं ऐकतो ते रिलॅक्स व्हायला, परीक्षा द्यायला नाही. मान्य. रिलॅक्स जरूर व्हा. पण मग नुसतं 'मला आवडलं' म्हणा ना. ते सुंदर, प्रामाणिक वाक्य आहे. 'यासम हा', 'न भूतो न भविष्यति' कशाला? मोठा शब्द वापरायचा तर त्यामागे मोठं ऐकणं पाहिजे. नाहीतर तो शब्द स्वस्त होतो, आणि मग एक दिवस खरोखर तसं कुणी गायलं तर त्याला द्यायला आपल्याजवळ शब्दच उरत नाही. मी हे कुणाला गाण्यातून हाकलायला लिहीत नाहीये. कुमारांनी लताला रेडिओवर ऐकलं, तेही आजारपणात, सहज. त्यासाठी डिग्री लागत नाही. पुन्हा ऐकावं लागतं, एवढंच.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. या वीकेंडला दरबारी कानडा घ्या. अमीर खाँचा एकदा, भीमसेनांचा एकदा. कोण मोठा हे ठरवू नका. फक्त बघा, एक जण गंधाराशी किती वेळ थांबतो आणि दुसरा कुठे झेप घेतो. जो तुमचा आवडता नाही त्याच्याकडची एक गोष्ट अशी शोधा जी तुमच्या आवडत्याकडे नाही. सापडली तर तुमच्या त्या 'की' वाल्या भांडणात तुम्हाला पुन्हा मजा येणार नाही, ही गॅरंटी.

आणि डिसेंबरात सवाईला भेटलात आणि स्टेजवर तंबोरे जुळत असतील, तर कृपा करून मोबाईल खिशात ठेवा आणि जरा ऐका. षड्ज लागेपर्यंत किती वेळा तार पिळली, गायकाने मान हलवून नको म्हटलं आणि तंबोऱ्यावरच्या पोराने पुन्हा पिळली... मजा असते त्यातही. फक्त टाळ्या नकोत. अजून सुरू व्हायचंय.